तिसरी चौकट

दोन चित्रं भिंतीवर लागली आहेत, तिसरी चौकट रिकामी आहे आणि ती भरेपर्यंत अख्ख्या साम्राज्याच्या जिवाला चैन नाही, असा प्रसंग खऱ्या इतिहासात कुठल्या राजावर ओढवल्याचं ऐकिवात नाही. संगणकावरच्या ‘सिव्हिलायझेशन’ या खेळात मात्र तो सारखा ओढवतो. सिड मायर यांनी १९९१ साली आणलेला हा खेळ. माणसांचा एक जथा घेऊन इसवी सनापूर्वी चार हजार वर्षांपासून निघायचं, नदीकाठ बघून गाव वसवायचं आणि चाक, लिपी, नांगर असं एकेक हाताशी करत थेट अंतराळयानापर्यंत पोचायचं. वाटेत शेजारी राज्यं भेटतात. त्यांच्याशी भांडता येतं, गोडीगुलाबीने राहताही येतं. पण २०१६ साली आलेल्या सहाव्या आवृत्तीत जिंकायची एक वाट अशी आहे की तिच्यावर तलवार म्यानाबाहेर काढायचं कारणच पडत नाही. चित्रं जमवायची, ती नीट लावायची आणि जग ती बघायला येतंय का, याची वाट पाहत बसायचं.

‘नीट लावायची’ यातच सगळी मेख आहे. कलासंग्रहालयात जागा तीन. कुठलंही चित्र टांगा, त्याचे ठरलेले गुण मिळतातच. पण तिन्ही कलाकृती एकाच प्रकारच्या असल्या, म्हणजे तिन्ही निसर्गचित्रं, नाहीतर तिन्ही व्यक्तिचित्रं, तिन्ही धार्मिक चित्रं किंवा तिन्ही शिल्पं, आणि शिवाय तिघांचे कर्ते वेगवेगळे असले, की त्या दालनाचे गुण दुप्पट होतात. चित्रं तीच, भिंत तीच, रंगाचा एक ठिपकाही वाढलेला नाही, तरी दुप्पट! पहिल्यांदा ऐकताना हा हिशेब एखाद्या लबाड मुनिमाचा वाटतो. मग हळूहळू त्यातलं शहाणपण कळू लागतं. एकच राग यमन एका संध्याकाळी किराणा घराण्याच्या गळ्यातून आणि दुसऱ्या संध्याकाळी जयपूरच्या गळ्यातून ऐकला की तिसऱ्या संध्याकाळी, कुणीही गात नसताना, तो यमन आपल्याला थोडा जास्त कळलेला असतो. सुंदर वस्तू एकटीही सुंदरच असते. तिच्यासारखीच दुसऱ्या कुणाच्या हातची वस्तू शेजारी आली की तिला कंठ फुटतो. खेळाने शेजाराला भाव दिला आहे, एवढंच.

हा नियम मला समजावून दिला माझ्या भाच्याने, आणि तोही राळेगणसिद्धीत, बहिणीच्या घराच्या ओसरीवर. पुणे-नगर रस्त्यावर वाडेगव्हाणला आत वळलं की हे गाव लागतं. जिल्ह्याचं नाव आता अहिल्यानगर झालं, तरी एसटीतली म्हातारी माणसं अजून नगरचंच तिकीट मागतात. पारनेर तालुक्याचा हा भाग पर्जन्यछायेतला. पावसाळी ढग इथे येतात ते मंत्र्यांच्या ताफ्यासारखे. काचा वर केलेल्या, वेग जरासुद्धा कमी नाही, आणि मागे उरते ती धूळ. अशा गावात, दुपारच्या उन्हात, मांडीवर लॅपटॉप घेतलेला मुलगा भिंतीला टेकून सुस्कारा टाकतो आणि म्हणतो, “मामा, एक निसर्गचित्र कमी पडलं.” त्याचे आजोबा याच ओसरीवर, याच भिंतीला टेकून, अगदी याच आवाजात “एक पाऊस कमी पडला” असं म्हणायचे. घराण्याचा सुस्कारा वारशाने आला होता. फक्त त्यातलं दुःख बदललं होतं आणि ते बदलावं इतकं बरं या गावाचं चाललं होतं.

भाच्याने खेळायला भारत घेतला होता आणि भारताच्या गादीवर होते महात्मा गांधी. पहिल्या आवृत्तीपासून सहाव्या आवृत्तीपर्यंत या खेळात भारताच्या वतीने गांधी उभे राहत आले. त्यांच्याविषयी खेळाडूंमध्ये एक दंतकथा आहे. गणितातल्या एका गफलतीमुळे पहिल्या खेळातले गांधी उतारवयात एकाएकी माथेफिरू होत आणि शेजाऱ्यांवर अणुबाँब टाकत सुटत, अशी ती कथा. अशी गफलत मुळात नव्हतीच, असं खुद्द सिड मायर यांनी २०२० च्या आपल्या आठवणींच्या पुस्तकात सांगून टाकलं. पण इतकी देखणी अफवा एका पुस्तकाने थोडीच मरते! ज्या गावात पंचा, सूत, ग्रामसभा आणि उपोषण हे शब्द रोजच्या भाजीभाकरीसारखे वापरले जातात, तिथे बसून अणुबाँबवाल्या गांधींची गोष्ट ऐकताना मला विनाकारण आजूबाजूला बघावंसं वाटलं. भाचा मात्र निर्धास्त होता. त्याचे गांधी बाँबच्या भानगडीत पडले नव्हते. ते निमूटपणे इटलीच्या आणि हॉलंडच्या चित्रकारांची चित्रं जमवत होते आणि मधल्या वेळात शेतांच्या कडेला पायऱ्यांच्या विहिरी बांधत होते. खेळात भारताला ही खास सोय दिली आहे: बारव. तिने धान्य वाढतं, वस्ती वाढते आणि पुढच्या एका पुरवणीत दुष्काळाची संकटं आली तेव्हा बारवेजवळचं धान्य दुष्काळातही घटणार नाही, असा नियम झाला. पारनेर तालुक्यात न येताही हे ज्याला सुचलं, त्या माणसाला एकदा इथलं पिठलं-भाकरी खायला बोलवायला हवं. मी भाच्याला विचारलं, “या बारवेला संस्कृतीचे गुण किती?” तो म्हणाला, “बारवेला कुठले गुण मामा? ते चित्रांना असतात.”

मी मान वर केली. त्याच्या डोक्यावर बहिणीच्या घराची भिंत होती, आणि त्या भिंतीचं संग्रहालय खेळाच्या नियमांत कुठेच बसणारं नव्हतं. विठोबा, त्याच्याखाली पतसंस्थेचं कॅलेंडर, शेजारी संत यादवबाबा, मग लष्करी गणवेशातले एक दूरचे काका, शाळेच्या लेझीम पथकाचा फिकुटलेला फोटो, बहिणीच्या सासऱ्यांची तसबीर, लग्नातला जोडफोटो आणि एका कोपऱ्यात कुणीतरी भेट दिलेलं बर्फाच्या डोंगरांचं एक परदेशी दृश्य. प्रकार आठ, कर्ते अज्ञात. या मांडणीमागे नियम एकच: खिळा. जिथे खिळा ठोकता आला तिथे चित्र लागलं, जिथे भिंतीने पोपडा टाकला तिथून ते उठलं. लेझीम पथक विठोबाच्या इतकं जवळ का आलं याचं कलेच्या इतिहासात उत्तर नाही. ते गवंड्याला विचारावं लागेल.

तरीसुद्धा या भिंतीवर एक हालचाल अशी होते की ती खेळाला अजून साधलेली नाही. खेळात चित्र या दालनातून त्या दालनात नेता येतं. त्याचा प्रकार मात्र जन्माचा ठरलेला. व्यक्तिचित्र ते व्यक्तिचित्रच. आमच्याकडे तसं नाही. बहिणीच्या सासऱ्यांचा फोटो बरीच वर्षं लग्नाच्या आणि सहलीच्या फोटोंच्या रांगेत, जरासा तिरका, लटकत होता. त्यात ते डोळे बारीक करून उन्हाकडे बघत आहेत. ते गेले, आणि तेराव्याच्या आधी तो फोटो तिथून निघून देवांच्या रांगेत गेला. तिरकेपणा गेला, चंदनाचा हार आला, सणासुदीला गंध लागू लागलं. चेहरा तोच, बारीक डोळे तेच, पण चित्र व्यक्तिचित्रांतून उठून धार्मिक चित्रांत जमा झालं. ही जागाबदली करताना कुणी गुण मोजत नाही. मोजले असते तर त्या दिवशी त्या भिंतीचे दुप्पट झाले असते की निम्मे, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

खिळ्याच्या नियमाने न चालणारी माणसंही आपल्याकडे होऊन गेली. पुण्यातल्या दिनकर गंगाधर केळकरांचं घराण्याचं दुकान चष्म्यांचं, आणि कवितेपुरतं त्यांनी ‘अज्ञातवासी’ हे नाव घेतलेलं. लोकांना जवळचं नीट दिसावं ही सोय ज्या घरात पिढीजात होती, त्या घरातल्या माणसाला सगळ्यांच्या डोळ्यांसमोरचं पण कुणालाच न दिसणारं दिसू लागलं, हे तसं रीतीलाच धरून झालं. त्यांनी वाड्यावाड्यांतून, खेड्यापाड्यांतून दिवे, फण्या, कुलपं, दौती, वज्र्या, अडकित्ते जमवले. वीस हजारांहून जास्त वस्तू झाल्या. लहानपणीच गेलेल्या मुलाचं, राजाचं, नाव त्यांनी संग्रहाला दिलं आणि १९७५ साली सगळा संग्रह राज्य सरकारच्या हवाली केला. तिथल्या अडकित्त्यांपुढे उभं राहिलं की खेळातला तो नियम हसत हसत समोर येतो. काम सगळ्यांचं एकच, सुपारी कातरायचं. पण कुणाची मोराची मान, कुणाचा घोडा, कुठे एकमेकांकडे वाकलेली स्त्री-पुरुषाची जोडी. प्रत्येक कारागिराला सुपारी कातरता कातरता काहीतरी वेगळंच सुचत होतं. त्यांतला एकच अडकित्ता घरच्या पानाच्या डब्यात असता तर आपण त्याच्याकडे पाहिलंही नसतं. सगळे एकत्र आले आणि एका फोडीएवढ्या सुपारीभोवती मावलेलं केवढं मोठं कल्पनेचं राज्य उघडं पडलं. आणि हा सगळा पसारा लावताना केळकरांच्या मनात एक लहान मुलगा होता, ही गोष्ट कुठल्याच गुणपत्रिकेत येत नाही.

राळेगणहून उलट्या दिशेने, नगरला गेलं, तर तिथे १९९४ साली सुरू झालेलं रणगाडा संग्रहालय आहे. भाच्याने मोठ्या उमेदीने मला तिथे नेलं, कारण खेळात कलासंग्रहालयाला एक भावंड आहे: पुरातत्त्व संग्रहालय. त्याचा नियम जरा निराळा. तिथल्या तिन्ही वस्तू एकाच काळातल्या, पण तीन वेगवेगळ्या संस्कृतींच्या असाव्या लागतात. आणि त्या सापडतात कुठे, तर पूर्वी जिथे लढाया झाल्या होत्या अशा जागी खणल्यावर. रणगाडा संग्रहालयात दुसऱ्या महायुद्धातले ब्रिटिशांचे व्हॅलेंटाइन आणि चर्चिल, जपानी रणगाडे, अमेरिकी बनावटीचे रणगाडे असे सगळे एकाच उन्हात, एकाच झाडीत, शेजारी शेजारी उभे आहेत. एकमेकांवर तोफा रोखायला जन्माला आलेली ही जनावरं आता एकाच माळ्याच्या पाण्यावर वाढलेल्या हिरवळीत चरत असल्यासारखी दिसतात. भाचा दर रणगाड्यापुढे उभा राहून पुटपुटत होता, “काळ एक, देश वेगळा. बसतंय.” पाकिस्तानी फौजेकडून हस्तगत केलेल्या पॅटनपाशी मात्र तो थांबला. १९६५ च्या लढाईत खेमकरणच्या बाजूला पॅटनची जी दाणादाण उडाली ती त्याने शाळेत वाचली होती. त्याच खेमकरणच्या आघाडीवर लष्करी ट्रक चालवणारा नगर जिल्ह्यातला एक तरुण हल्ल्यातून वाचला आणि आपण का वाचलो याचा विचार करत राहिला. त्याचं नाव किसन बाबूराव हजारे, पुढे सगळ्यांचे अण्णा. फौजेतून निवृत्ती घेऊन तो राळेगणला आला ते सालही १९७५ होतं. एकाच साली पुण्यात एक माणूस जमवलेलं सगळं देऊन मोकळा होत होता आणि इकडे माळरानावर एक माणूस काहीच नसलेलं जमवायला बसत होता.

राळेगणकडे वळण्याआधी औंधच्या राजाला नमस्कार केल्याशिवाय पुढे जाता येत नाही, कारण खेळ खऱ्या अर्थाने कुणी खेळला असेल तर तो त्याने. साताऱ्याकडच्या त्या चिमुकल्या संस्थानात गावं फक्त बहात्तर. भवानराव पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार. यमाईच्या डोंगरावर त्यांनी १९३८ साली श्रीभवानी संग्रहालय उभं केलं; तिथे राजा रविवर्मा आहेत, धुरंधर आहेत, बंगालच्या चित्रकारांचं काम आहे, आणि हेन्री मूर यांनी दगडात घडवलेले आई आणि मूलसुद्धा, यमाईच्या शेजाराला शोभेल असे. खेळात अशा राजाला गुणांवर गुण मिळाले असते आणि त्याने आजूबाजूच्या दोनचार संस्थानांच्या मनावर राज्य केलं असतं. भवानरावांनी काय केलं? संग्रहालयाचा चुना पुरता वाळला नसेल तोच, जानेवारी १९३९ मध्ये, राज्यच प्रजेच्या स्वाधीन केलं. गांधीजींच्या सल्ल्याने आणि मॉरिस फ्रीडमन या पोलिश इंजिनिअरच्या खटपटीने घटना तयार झाली. कारभार गावपंचायतींपासून वर चढत जाईल असं ठरलं. जिंकत आलेला डाव मधेच थांबवून पट समोरच्यांच्या हाती देणारा खेळाडू! भाच्याला ही गोष्ट सांगितली तेव्हा तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, “असं करायचं बटणच नाहीये मामा.”

सांस्कृतिक विजय नक्की केव्हा होतो, हेही मी त्याच्याकडून नीट समजून घेतलं. ठोकताळा साधा आहे: तुमच्याकडे येणारे पाहुणे हे बाकी कुठल्याही राज्याच्या घरच्या पर्यटकांपेक्षा जास्त झाले की तुम्ही जिंकलात. या हिशेबाने राळेगणसिद्धी केव्हाच जिंकून बसलं आहे. गावची वस्ती ती केवढी, दोन-अडीच हजारांची; आणि वर्षानुवर्षं इथे बस भरभरून माणसं येत राहिली. कृषी महाविद्यालयांची मुलं, तलाठी आणि ग्रामसेवक, परराज्यांतले सरपंच, टोप्या घातलेले परदेशी अभ्यासक. इतकी माणसं बघायला येतात ती काय? उतारावरचे समतल चर, ओढ्यातले बांध, पाझर तलाव. मार्गदर्शक बोट दाखवतो तिथे सगळे माना वळवतात आणि तिथे असतं गवत. जगातल्या कुठल्याच संग्रहालयात प्रेक्षकांना इतकं कमी दाखवून इतकं समाधान दिलं जात नसेल.

अण्णा परत आले तेव्हा यादवबाबांच्या देवळाची लाकडं दारूच्या भट्ट्यांखाली जळून गेलेली होती. गावाने आपला एकुलता एक संग्रह असा चुलीत घातला होता. अण्णांनी आपल्या भविष्यनिर्वाह निधीच्या पैशातून देऊळ उभं केलं, तिथल्याच एका खोलीत मुक्काम टाकला, आणि मग श्रमदान सुरू झालं. कुऱ्हाडबंदी आली, चराईबंदी आली, नशाबंदी आली. ती आणताना दारुड्याला खांबाला बांधण्यासारखे जे कडक उपाय झाले ते आज ऐकताना अंग जरा आखडतं, आणि ते आखडावंच. पण चर आणि बांध पाहताना मला राहून राहून त्या तीन चौकटींचा नियम आठवत होता. प्रकार एक, हात वेगळे. एकाने खणलेला चर म्हणजे नुसता खड्डा, पावसाच्या पहिल्या सरीत बुजणारा. शंभर वेगळ्या हातांनी, त्याच मापाचा, त्याच समपातळीवर खणलेला चर म्हणजे पाणलोट. वस्तू तीच, माती तीच, शेजार मिळाला आणि फळ दुप्पट झालं. खेळातल्या त्या मुनिमाने हा हिशेब कुठून उचलला असेल याचा मला उगाच संशय येऊ लागला.

मग आम्ही मामा-भाचे ओसरीवर बसून एक काल्पनिक दालन लावू लागलो. पहिल्या चौकटीत राळेगणसिद्धी. दुसरी शोधायला जिल्ह्याबाहेर जावं लागलं नाही: हिवरे बाजार. तिथे १९८९ साली पोपटराव पवार सरपंच झाले आणि पाण्याचा ताळेबंद मांडून त्याप्रमाणे पिकं ठरवायची सवय त्यांनी गावाला लावली. तिसरीसाठी भाचा डोकं खाजवत राहिला, आणि मग त्यालाच आठवलं. ज्या २०१६ साली त्याचा खेळ बाजारात आला त्याच साली आपल्याकडे पानी फाउंडेशनने गावागावांत वॉटर कपची स्पर्धा सुरू केली होती: पंचेचाळीस दिवस, वरुड, अंबाजोगाई आणि कोरेगाव हे तीन तालुके, आणि श्रमदानाला चक्क गुण! पहिला नंबर आला कोरेगाव तालुक्यातल्या वेळूचा. म्हणजे चर खणायचे गुण मिळतात, हे खेळ बनवणाऱ्या अमेरिकेच्या आधी सातारा जिल्ह्याला ठाऊक होतं. “वेळू तिसऱ्या चौकटीत,” भाचा म्हणाला, “आणि मामा, तिन्ही निसर्गचित्रं.” त्याने हे इतक्या सहज म्हटलं की क्षणभर मलाही ते लक्षात आलं नाही. डोंगराच्या अंगावर फावड्याने रेघा ओढल्या, त्यांत पावसाने रंग भरला. दुसरं काय म्हणायचं त्याला?

पण गुण देताना त्याचा हात आखडला. खेळात प्रत्येक कलाकृतीला कर्त्याचं नाव लागतं. नाव असेल तरच कर्ते वेगवेगळे आहेत हे सिद्ध होतं. अण्णा किंवा पोपटराव यांचं नाव घालावं तर ते खणायला लावणारे. आणि खणणारे तर शेकड्यांनी. त्यांत बहिणीचे सासरेही होते, त्यांच्या शेजारी कोण होतं ते बहिणीलाही सांगता येईना. श्रमदानाचा हजेरीपट कोण ठेवतो? नियमाप्रमाणे सगळे निनावी हात म्हणजे एकच निनावी कलावंत, आणि एकाच कलावंताची तीन चित्रं म्हणजे जादा गुण शून्य. भाचा कर्तव्यकठोर परीक्षक निघाला. त्याने आमच्या दालनाचे दुप्पट गुण नामंजूर केले. या परिसरातल्या विहिरींना हा नियम अजून कुणी कळवलेला दिसत नाही.